पैलवानाच्या गळ्यातलं कार्ड

मला हे लिहायचं नव्हतं. तालमीतल्या पोरांनी चौथी नापास माणसाच्या हातात पेन कोंबायचं आणि वर म्हणायचं, "नीट लिहा हं." गोष्ट केरबाच्याच तोंडून ऐकलेली; आता जसं येईल तसं वाचा.

"गळ्यात पाटी घालायला मी काय बाजारातला बैल हाय, वस्ताद?"

केरबा मगदूम तालमीच्या दारात सायकल धरून उभा होता. वय सत्तरीला टेकलेलं, छाती अजून पुढं. सुनेनं त्याला एक कार्ड करून दिलं होतं. नाव, रक्तगट, शुगर आहे, इन्सुलिन घेतो, घरचा फोन. सायकलवर जाताना गळ्यात घाला, एवढंच म्हणाली. केरबानं घर डोक्यावर घेतलं. म्हणून ती हिंदुराव वस्तादांकडं येऊन रडून गेली. हा बाबा ऐकला तर त्यांचंच ऐकणार.

"कार्ड कुठाय?" वस्तादांनी विचारलं.

"हँडलला बांधलंय की. तिचंबी मन राहिलं."

"शुगर तुला हाय का सायकलला?"

केरबा हसला. वस्ताद हसले नाहीत.

"अहो, ह्या भागात मला कोण ओळखत न्हाई? रस्त्यात पडलो तर उचलायला माणसांची झुंबड उडंल."

"बरं... लंगोट लाव. कुस्तीच्या हौद्यात उपडा पड. मी सांगेपर्यंत बोलायचं न्हाई, हलायचं न्हाई."

वस्तादांचा शब्द. केरबा तांबड्या मातीत उपडा झाला. दमलेल्या पैलवानावर ओढतात तशी वस्तादांनी त्याच्या पाठीवर, मानेवर, डोक्यावर माती ओढली आणि खांबाआड जाऊन बसले.

भर दुपार. तालीम रिकामी.

नाकात मातीत मुरवलेल्या ताकातेलाचा वास. केरबाला परवाचा पूल आठवला. चढाला हात थरथरले होते, डोळ्यांपुढं काळोख आला होता. कठडा धरून कसाबसा उभा राहिला, खिशातला गूळ चघळला. घरी कुणाला सांगितलं नव्हतं...

पावलं वाजली.

"कोण रं त्ये?"

अंतू चौगुलेचा आवाज. केरबाचा जीव भांड्यात पडला. अंतू म्हणजे शेजारी. रोज सकाळी दोघं एका बाकड्यावर चहा पितात.

"ए... कोण हाय?"

केरबानं ओठ मातीत दाबले.

"पिऊन पडलंय वाटतं," अंतू बरोबरच्याला म्हणाला. "बघ की, तोंड मातीत."

"दवाखान्यात न्यायचं का?"

"कुणाचं कोण, ठावं हाय का? उगं लचांड कशाला? उतरली की जाईल उठून."

आणि त्यानं पायानं ढोसलं. बरगडीत.

केरबाला बोंब मारायची होती. पण शब्द दिलेला... आणि मग त्याच्या ध्यानात आलं. पुलावर कुणी शब्द घेतला नव्हता. तिथं पडला असता तर तोंड उघडलंच नसतं.

पावलं लांब गेली.

वस्तादांनी ओल्या पंच्यानं त्याचं तोंड पुसलं.

केरबा उठला. तसाच मातीनं माखलेला सायकलपाशी गेला. हँडलची गाठ सुटेना. शेवटी दातानं सोडली. कार्ड गळ्यात घातलं.

मग राग आला.

"कार्ड घातलं, वस्ताद. पण त्यानं पाय लावला मला! पैलवानाला! बोलवा त्याला. माझी माफी मागाय पाहिजे त्यानं."

वस्ताद हौद्यात वाकून हातानं माती सारखी करत होते. केरबाच्या अंगाचा खळगा हळूहळू बुजला...

"कुणाची मागंल अंतू चौगुले? त्याच्या लेखी हितं तर कुणीच नव्हतं."