हुप्प्याचा गळा

“...म्हणजे उवा वेचून खाण्यातही धम्म आहे म्हणता, भन्ते?”

प्रश्न अश्वजितचा, आमच्याकडचा श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू. बावीस वर्षं कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवून हा गृहस्थ आमच्या टेकडीवरच्या विहारात आला. डोकं भादरलं, चीवर घेतलं, पण प्राध्यापकी काही सुटली नाही. मी इथला स्वयंपाकी. ओट्यावर पालक निवडत बसलो होतो, म्हणून सगळं कानावर पडलं.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. पौर्णिमेआधी एकमेकांचं डोकं-दाढी करायची, हा आमच्याकडचा नेम. अश्वजित मात्र दोन आरसे मांडून आपलं आपणच उरकायचा. मागे, कानापाशी झुलपं राहायची. पण त्याला सांगायची कुणाची टाप नव्हती.

त्या दिवशी विहाराचे प्रमुख भन्ते ज्ञानतिलकांनी त्याचा वस्तरा मागून घेतला. म्हणाले, महानाम तुझी दाढी करेल. करवून घ्यायची नसेल, तर संध्याकाळची एसटी आहे.

महानाम हा वीटभट्टीवरचा मजूर, दोन वर्षांपूर्वी श्रामणेर झालेला. चार दिवसांमागे वंदनेत त्याची जीभ अडखळली, तर अश्वजितने भरल्या सभेत त्याला सुनावलं, आधी तोंडातला भट्टीचा चिखल थुंकून ये. लोक हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो, आणि त्याची लाज अजून वाटते. तेव्हापासून महानाम जेवायलाही वेगळा बसत होता.

अश्वजित हटून बसला. घर मुलीच्या नावावर करून आलेला माणूस. परत गेला तर तिने दार उघडलं असतं, पण याला तोंड दाखवायची सोय नव्हती. तरी म्हणे, जाईन, पण त्याच्यापुढे बसणार नाही.

तेव्हा भन्तेंनी अंगणातल्या चिंचेकडे बोट केलं होतं.

खाली वानरांचा हुप्प्या उताणा पसरला होता, डोळे मिटून, गळा उघडा टाकून. एक वानरी त्याच्या गळ्यातले केस बाजूला सारून वेचत होती. आदल्याच दिवशी तिने चावून त्याचा कान फाडला होता. जखम ओली होती अजून.

आणि त्यावरच अश्वजितने तो उवांचा प्रश्न विचारला होता.

“तूच सांग,” भन्ते म्हणाले. “का करतात असं?”

झालं! याने तासच सुरू केला. उवा-गोचिड्या निघतात. जीव शांत होतो. भांडणानंतर समेट घडतो. उद्या कुणी अंगावर आलं, तर आपल्या बाजूने उभं राहायला कुणीतरी मिळतं. माझा पालक निवडून झाला, तरी त्याचं चालूच.

भन्तेंनी सगळं ऐकून घेतलं.

“हे वेचणारीचं झालं. गळा टाकून पडलाय, त्याचं काय?”

“त्याला काय... आयतं मिळतंय.”

“चावली ती हीच ना?”

अश्वजितने पुन्हा चिंचेखाली पाहिलं.

भन्तेंनी महानामला हाक मारली आणि त्याच्या हातात वस्तरा ठेवला. महानामने तो घेतला. वस्तऱ्याकडे बघतच राहिला.

अश्वजित उठून उभा राहिला. मला वाटलं, हा आता पिशवी भरायला जाणार. पण नाही. पाट ओढून घेतला, आणि कुस्तीला उतरावं तसा मांडी ठोकून बसला. माफी मागितली नाही. मागेल असं मला वाटलंही नव्हतं.

महानामने पाणी लावलं.

“मान वर करा.”

अश्वजितने मान वर केली. नजर मात्र पात्यावर.

“हात थरथरतोय तुझा.”

“राग आहे मला,” महानाम म्हणाला. “अजून आहे.”

पातं गळ्याला टेकलं होतं, आणि अश्वजित टक्क डोळ्यांनी महानामच्या हाताकडे बघत होता. पापणी लवेना.

“भन्ते,” तसाच, मान न हलवता तो म्हणाला, “बघून घ्या. मी घाबरत नाही.”

भन्ते म्हणाले, “मग डोळे मीट.”