चंद्रातून वजा केलेले ॲल्युमिनियम

एका टेकडीवर एक प्रयोगशाळा होती आणि तिच्यात दोन मित्र काम करत. वामन टिळेकर यंत्रे बनवी. अच्युत खांबेटे त्या यंत्रांनी पाठवलेल्या मापांचा अर्थ लावी. दोघांचे केस याच टेकडीवर पांढरे झाले होते.

वामनने एक पेटी बनवली. ती यानात बसून चंद्राभोवती फिरू लागली. सूर्याचे क्ष-किरण चंद्राच्या मातीवर पडले, की मातीतले प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या ऊर्जेचे क्ष-किरण बाहेर टाकते. पेटी ते लांबूनच टिपे. कुठे मॅग्नेशियम, कुठे सिलिकॉन, कुठे ॲल्युमिनियम, हे अच्युत त्यावरून ओळखे आणि चंद्राचा नकाशा रंगवी.

नकाशात एक नवल दिसले. चंद्रावरच्या काळपट मैदानांत ॲल्युमिनियम कमी असते, असे सगळे मानत. पेटीला तर ते तिथेही भरपूर दिसत होते. अच्युतने हे बैठकीत सांगितले तेव्हा टाळ्या पडल्या. मोठ्या परिषदेत हा नकाशा लावायचा, असे ठरले. अच्युत निवृत्तीला आला होता. जाता जाता एवढे मोठे काम हातून झाले, याचा त्याला आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून लगेच काळजीही वाटू लागली. त्याने सगळी मापे पुन्हा तपासायला घेतली.

तपासताना एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. एकदा यान वळताना पेटीचे तोंड चंद्रावरून सुटून रिकाम्या आकाशाकडे गेले होते. समोर काहीच नव्हते. तरीही पेटीने ॲल्युमिनियम नोंदवले होते.

अच्युतला कारण उमगले. पेटीच्या तोंडाभोवतीचे कडे ॲल्युमिनियमचे होते. सूर्याच्या क्ष-किरणांनी तेच उजळत होते आणि पेटी ते चंद्राच्या नावावर मांडत होती. ते कडे वामनने बसवले होते. सांगावे, तर मित्राच्या कामात खोट काढल्यासारखे होणार. न सांगावे, तर चंद्राबद्दल जगाला खोटे सांगितल्यासारखे होणार.

दुपारी दोघे नेहमीसारखे डबा खायला बसले.

“आज गप्पच जेवतोयस,” वामन म्हणाला. “वहिनींनी मीठ जास्त घातलं, की टाळ्यांनी पोट भरलं?”

अच्युत कसाबसा हसला. वामनचा चेहरा त्याला ओढलेला वाटला. याला कळलेय आणि हा रागावलाय, असे त्याच्या मनाने घेतले.

दुसऱ्या दिवशी वामन जेवायला आलाच नाही. अच्युतची खात्री पटली. मग त्यालाही राग आला. ‘चूक याची, आणि रुसायचे यानेच?’ असे मनाशी म्हणत तो डब्यापाशी बसला. पण एकट्याला घास उतरेना. डबा तसाच झाकून तो वामनच्या खोलीकडे गेला.

वामन एकटाच पोळी खात बसला होता.

“या साहेब,” तो म्हणाला. “मोठ्या माणसाला वेळ झाला म्हणायचा.”

“कसला मोठा माणूस?”

“नकाशा गाजल्यापासून तू माझ्याशी धड बोललास का? म्हटलं, आता याला आपली सोबत नको. म्हणून इथेच बसलो.”

अच्युत खाली बसला. मग त्याने सगळे सांगून टाकले. रिकाम्या आकाशाचे, कड्याचे, आपल्या भीतीचेही.

वामनने हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाला, “वजन वाढू नये म्हणून मीच ते हलक्या ॲल्युमिनियमचं बसवलं. ते उजळणारच. किती उजळतं ते आधी मोजायला हवं होतं. मी मोजलं नाही आणि तू विचारलं नाहीस.”

“रागावला नाहीस?”

“मी रागावलोय, हे तुला दिसलं कुठं?”

“तुझ्या चेहऱ्यावर. काल.”

“अरे, काल माझी दाढ दुखत होती. माझ्या चेहऱ्यावर जे बघितलंस, त्यात तुझं काय होतं ते काढून टाक. मग उरेल ती दाढ.”

अच्युत हसला. हसता हसता त्याने चष्मा काढून पुसला.

पुढच्या बैठकीत त्याने उभे राहून सांगितले, की मैदानांतले ते ॲल्युमिनियम चंद्राचे नाही. कोणी टाळी वाजवली नाही. “म्हणजे शोध लागलाच नाही तर,” प्रमुख म्हणाले. “नाही,” अच्युत म्हणाला. वामन आपल्या खुर्चीवरून उठला आणि त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

मग दोघांनी मुद्दाम यान वळवायला लावून पेटीचे तोंड रिकाम्या आकाशाकडे केले. काहीच समोर नसताना पेटी जे सांगत होती, ते तिचे स्वतःचे. तेवढे त्यांनी नीट मोजले आणि चंद्राच्या प्रत्येक मापातून वजा केले. मैदानांतले ॲल्युमिनियम ओसरले. परिषदेतली मोठी जागा दुसऱ्या कोणाला गेली. यांचा नकाशा एका कोपऱ्यात लागला.

दोघे त्याच्यासमोर उभे राहिले.

“फिका झाला रे,” वामन म्हणाला.

“झाला खरा,” अच्युत म्हणाला, “पण आता तो चंद्राचा आहे.”

तात्पर्य: दुसऱ्यात आपल्याला जे दिसते, त्यात आपले स्वतःचेही काही मिसळलेले असते. ते आधी ओळखावे आणि वजा करावे. एकट्याला हे क्वचितच जमते, म्हणून मनातली शंका मित्राजवळ बोलून टाकावी.