निधी वर्ग करण्यात यावा

एकदा एका मोठ्या शहराच्या कडेला वाढलेल्या गावात शाळांचा कारभार पाहणारी एक समिती होती. गाव आता उपनगर झाले होते. भाताची खाचरे बुजून तिथे सोसायट्या उभ्या राहिल्या होत्या. समितीचे अध्यक्ष एक वृद्ध गुरुजी होते. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच पाटीवर अक्षरे गिरवायला शिकवले होते. सभेत कोणी फार चढ्या आवाजात बोलू लागला की गुरुजी नुसता चष्मा काढून त्याच्याकडे पाहत, आणि तो भला मोठा माणूस नकळत हाताची घडी घालून बसे.

गुरुजींचा एक शिष्य दूरदेशी शिकायला गेला होता. शाळा चालवाव्यात कशा, त्यांना पैसा पुरवावा कसा, मुले खरोखर शिकली की नाही हे ओळखावे कसे, हाच त्याच्या अभ्यासाचा विषय होता. शिक्षण संपल्यावर तो तिथे रमला नाही. "माझ्या गावच्या शाळा चांगल्या व्हायला हव्यात," एवढे एकच वाक्य मनात घेऊन तो परतला. गुरुजींनी त्याला मोठ्या आनंदाने समितीवर घेतले.

शिष्याने गावातली प्रत्येक शाळा पाहिली. सर्वांत वाईट अवस्था होती दगडखाणीजवळच्या शाळेची. तिला खोली एकच. चार इयत्ता त्या एका खोलीत चार भिंतींकडे तोंडे करून बसत, आणि मधोमध उभ्या राहून बाई आळीपाळीने एकेका भिंतीला शिकवत. मुलांच्या घरी बोली वेगळी. शाळेची मराठी त्यांना अर्धी कळे, अर्धी हवेत विरे. निकाल गावात शेवटचा. पट घसरत चाललेला, आणि पटावर अनुदान ठरत असल्यामुळे पैसाही आटत चाललेला.

शिष्याला रात्री नीट झोप येईना. रुंद रस्त्यापलीकडे गावची मुख्य शाळा होती. तिथे प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र खोली होती, ग्रंथालय होते, प्रयोगाची साधने होती. 'ही मुले तिथे का शिकू नयेत?' असा विचार करून त्याने ठराव लिहिला.

सभेत तो ऐकल्यावर गावातला एक व्यापारी सदस्य सर्वांत जास्त खूश झाला. "उत्तम! तो खाणीवरच्या शाळेचा दुरुस्ती निधी इकडे आला की मुख्य शाळेला कमान होऊन जाईल. किती वर्षं म्हणतोय मी. शाळेत शिरताना कसं, शाळेत शिरल्यासारखं वाटलं पाहिजे!"

शिष्याला कमान नको होती. पण मुलांना चांगली शाळा मिळणार असेल तर कमान सोसावी, असे त्याने मनाशी ठरवले.

मतदान व्हायचे एवढ्यात गुरुजींनी सभा तहकूब केली.

"ठरावामागचा हेतू चांगला आहे," ते शिष्याला म्हणाले. "उद्या संध्याकाळी काम सुटल्यावर खाणीवर जाऊ. तिथल्या आईबापांसमोर हा तूच वाचायचा. जसा लिहिलास तसा. शब्द बदलायचा नाही, आणि समजावून सांगायचा नाही."

"समजावून सांगितल्याशिवाय कसं गुरुजी?"

"तेच बघायचंय."

व्यापारी हसला. "गुरुजी, आधी ठराव मंजूर होतो आणि मग लोकांना कळवतात. आधी लोकांना सांगून मग मंजूर करायचा, ही कुठली उलटी रीत?"

गुरुजींनी चष्मा काढला. व्यापाऱ्याने हाताची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या अंगणात माणसे जमली. केसांवर, भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी तशीच होती; पण बायका लुगडी बदलून आल्या होत्या. शाळेच्या भिंतीला लागून घडवलेल्या दगडांची एक नीटस रास होती. ही इथे कशाला, असे शिष्याला क्षणभर वाटले. पण सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे लागले होते. त्याने कागद उघडला.

"समायोजनाच्या धोरणानुसार खाणीवरील शाळेची मुले येत्या वर्षापासून वर्ग करण्यात यावीत, आणि शाळेचा दुरुस्ती निधीही वर्ग करण्यात यावा."

वाचून होताच टाळ्यांचा असा कडकडाट झाला की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या.

शिष्य भांबावून गुरुजींकडे पाहू लागला. गुरुजीही चकित झालेले दिसले. तोवर गर्दीतून यल्लव्वा पुढे आली. या शाळेच्या पालकांची ती प्रतिनिधी. पण समितीच्या सभा कामाच्या वेळी होत, म्हणून ती कधी सभेला आलेली नव्हती. तिने शिष्याच्या हातात नारळ ठेवला.

"लई बरं काम केलंत, दादा. आता कुदळ कुठं मारायची तेवढं दाखवा."

"कुदळ?"

"वर्गाची!" मागून तिम्मण्णा नावाचा दगडफोड्या म्हणाला. "तुमचा शिपाई पंधरा दिसांमागं बोलला, खाणीच्या शाळेचं वर्ग करायचं चाललंय. म्हटलं सरकार खोली देतंय, तर दगूड तरी आपला असू द्या. सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून घडवलाय. हात लावून बघा, कुठं खरबरीत लागतो का."

शिष्याने त्या राशीकडे पाहिले. मग हातातल्या कागदाकडे पाहिले. मग गुरुजींकडे पाहिले. पण ते खाली मान घालून उभे होते. इथून पुढचे त्यालाच बोलायचे होते.

"यल्लव्वा," तो कसाबसा म्हणाला, "वर्ग करणे म्हणजे... खोली बांधणे नव्हे. ऑफिसात त्याचा अर्थ वेगळा होतो. इथून काढून तिकडे नेणे. मुलं मुख्य शाळेत जातील. पैसेही तिकडे जातील."

"म्हंजे खोली न्हाई?"

"नाही."

"आन ही शाळा?"

"बंद होईल," शिष्य कागदाची घडी घालत म्हणाला. तिम्मण्णा कोरडा हसला. "आपणच येडे. बोलून चालून कागूद तो. त्यात आपली खोली कशी घावायची?"

यल्लव्वा मात्र हसली नाही, रागावलीही नाही. ती विचार करत म्हणाली, "माझी गंगी धाकट्याला मांडीवर घेऊन शिकती. मी खाणीत असते, त्याला ठेवू कुठं? हितल्या बाई बसू देत्यात. तुमच्या थोरल्या शाळेत बसू देतील?"

मुख्य शाळेचे नियम शिष्याला पाठ होते. त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग गंगी घरी ऱ्हाईल," ती साधेपणाने म्हणाली. शिष्य नारळ परत देऊ लागला, तशी तिने त्याचा हात हलकेच मागे सारला. "असू द्या, दादा. तुमच्या नावानं आणलेला हाय. परत कशाला न्यायचा?"

परतताना शिष्य म्हणाला, "गुरुजी, असं होणार हे तुम्हांला ठाऊक होतं?"

"नाही रे. मला वाटलं होतं, शिव्या पडतील. शिव्या सोप्या गेल्या असत्या."

"चूक माझीच. सोपा शब्द वापरायला हवा होता. त्यांना अर्थ कळला नाही."

गुरुजी थांबले. "अर्थ कुणाला कळला नाही, याचा पुन्हा विचार कर. 'वर्ग' हा शाळेचा शब्द. त्यात मुलं बसतात, फळा असतो, खिडकीतून ऊन येतं. तो ऐकल्यावर त्या बाईला खोली दिसली. आपल्याला काय दिसलं? इथून उचलायचं, तिथे ठेवायचं. पैसाही तसाच उचलायचा, मुलंही तशीच उचलायची, आणि दोघांना क्रियापद एकच! मी इतकी वर्षं अध्यक्ष आहे. माझ्या कानालाही ते कधी खटकलं नाही. शाळांचा कारभार बिघडतो तो वाईट माणसांमुळेच असं नाही, बाळ. चांगल्या माणसांना शब्द ऐकल्यावर मूल दिसेनासं होतं, तिथूनही तो बिघडतो. तू तर किती कळवळ्याने लिहिलंस. पण त्या कळवळ्यात गंगी होती का?"

"मुलं होती," शिष्य हळूच म्हणाला. "गंगी नव्हती."

पुढची सभा गुरुजींनी संध्याकाळी ठेवली. यल्लव्वा आली. खुर्चीच्या अगदी कडेला, केव्हाही उठावे लागेल अशा बेताने बसली. ठराव पुन्हा पुढे आला, तेव्हा शिष्य उभा राहिला.

"माझी एक दुरुस्ती आहे. पहिला भाग काढून टाकावा. मुलं जिथे आहेत तिथेच राहतील. दुसरा भाग जसाच्या तसा राहू द्यावा: दुरुस्ती निधी वर्ग करण्यात यावा. फक्त त्याचा अर्थ यल्लव्वांनी लावला तोच धरावा, अशी इतिवृत्तात नोंद व्हावी."

सभेत हशा पिकला. व्यापारी म्हणाला, "म्हणजे कमान गेलीच म्हणा की! अहो, पण त्या शाळेचा निकाल काय आहे ते तुम्हीच दाखवलंत ना? शेवटच्या नंबराला बक्षीस द्यायचं?"

"चार भिंतींना एक बाई पुरवायची आणि निकाल मात्र मुलांचा म्हणायचा, ही चूक मीच केली होती," शिष्य म्हणाला. "तो आपला निकाल होता, शेठ. दुसऱ्या बाईंची मागणी मी वेगळी आणली आहे. तीही आज घ्या."

व्यापारी काही बोलणार होता; पण त्याची नजर यल्लव्वाच्या हातांवर गेली. मांडीवर ठेवलेल्या त्या हातांच्या भेगांत दगडाची भुकटी अजून होती. तो खाली पाहत म्हणाला, "सिमेंट मी देतो. पण चांगल्यापैकी बांधा म्हणजे झालं."

पावसाळ्याआधी खोली उभी राहिली. पहिली आणि दुसरी नव्या बाईंबरोबर तिकडे गेली. मुले आता भिंतीकडे पाहून बसत नव्हती. सगळी एका फळ्याकडे पाहत होती. गंगीने खिडकीजवळची जागा पटकावली होती. धाकटा तिच्या मांडीवर झोपला होता, आणि ती त्याच्या डोक्यावरून वाकून, एकेका अक्षराखाली बोट सरकवत वाचत होती. वाचन अडखळत होते, पण थांबत नव्हते.

दारात उभ्या असलेल्या शिष्याने विचारले, "गुरुजी, पुढच्या वर्षी निकाल वर येईल?"

"येईल, न येईल. जरा हळू बोल," गुरुजी म्हणाले, "लेकरू निजलंय."

शिष्य तिथेच उंबऱ्यावर बसला, आणि गंगी पान संपवीपर्यंत ऐकत राहिला.

कारभार कोणताही असो, कागदावरचा शब्द उच्चारताना एखादे मूल डोळ्यांपुढे यावे. न आल्यास सही करण्याची घाई करू नये.