चंद्रावळीने धरलेला सूर

एका राज्यात वाराच उरला नव्हता. धूमकेश मांत्रिकाने तो पिशवीत कोंडून वर गाठ मारली होती. पान हलेना, चुलीचा धूर घराबाहेर निघेना. पाळण्यातल्या राजपुत्राचा श्वास तर दिवसागणिक तोकडा होत चालला.

मांत्रिकाचा पण असा, "माझ्यासमोर सूर तुटू न देता सनई वाजवा, गाठ सोडतो." दरबारी वाजंत्री गाणी घेऊन गेले, धाप लागून थांबले आणि जागीच दगड झाले.

राजपुत्राची बहीण चंद्रावळ, वय वर्षं अकरा, एका जागी म्हणून बसायची नाही. धावतच ती वडाखाली आली. तिथे साळुंकी नावाची म्हातारी पोरांना सनई शिकवायची.

"साळुंकीबाई, गाणं शिकवा. लवकर!"

"आधी पपईच्या देठातून पाण्यात फुंक. बुडबुडे थांबता कामा नयेत."

चंद्रावळीने जोर लावला. पाणी नाकातोंडात गेलं.

"अगं बाई, राजकन्येची आंघोळ झाली!" कुंभाराची ठकी खिदळली.

"गालात हवा राख. ती सोडताना नाकाने दुसरी घे," साळुंकी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी बुडबुडे थांबेनात. मग दुसरं काम: फुंकरीने ज्योत वाकवायची, विझवायची नाही. सात दिवे विझले, आठवा वाकला.

"आता तिसरं. एकच सूर धर."

"आणि गाणं?"

"ते दुसऱ्याचं. सूर धरणाऱ्याने हलायचं नाही."

"भाऊ तिकडे निळा पडतोय, आणि मी नुसतं पोंऽऽ करू?"

"हो."

ती मांत्रिकापुढे बसली. सूर लावला.

"एवढंच येतं होय गं तुला?" तो हसला.

बोटं शिवशिवली, पाय वळवळले. सूर हलला नाही. घटका गेली, दुसरी गेली. मांत्रिकाचं हसू मावळलं. त्याची बोटं मांडीवर फिरू लागली. जन्मभर त्याच्यासाठी कुणी सूर धरला नव्हता. जो साथीला येई, तो आपलंच गाणं वाजवू लागे.

त्याने स्वतःची सनई उचलली. फुंकली. गाण्यापुरता दम कुठला? सगळा पिशवीत!

"थांबू नकोस हं, पोरी," तो हळूच म्हणाला, आणि आपल्या हाताने गाठ सोडली.

वारा भरारत निघाला. दगडाचे वाजंत्री खोकत उठले. वाड्यातून बाळाचं खणखणीत रडणं आलं. चंद्रावळीच्या डोळ्यांना धार लागली. पण मांत्रिकाचं गाणं पुरं होईतो तिने सूर सोडला नाही.

त्या भावाला जशी बहीण लाभली, तशी तुमच्या लेकरांना लाभो.