गाळलेली औषधे

एकदा एका शिष्याने औषधांचे भविष्य सांगणारे गणित रचले. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक सूक्ष्म भिंत असते आणि पोटात घेतलेली बहुतेक औषधे तिच्यापाशीच अडतात. कोणते औषध आत पोचेल हे, जुन्या औषधांच्या नोंदींवरून शिकलेले त्याचे गणित संगणकावर आधीच सांगत असे, आणि ते क्वचितच चुके. साहजिकच स्वारी खुशीत होती.

ती खुशी सांगायला मात्र जवळ कोणी नव्हते. गावी एकटी आई, तिला कंपवात. त्या रोगाने चेहऱ्याचे स्नायू आखडतात. हसू उमटत नाही, रडूही नाही. आपण आलो काय, गेलो काय, तिला काहीच वाटत नाही, असे धरून त्याने घरी जाणे सोडले होते. तिच्यासाठी नवे औषध शोधायचे आणि ते घेऊनच जायचे, असा त्याचा हट्ट. प्रयोगशाळेत तसे एक द्रव्य तयारही झाले होते. पण गणित म्हणाले, हे आत पोचणार नाही. ते टाकून द्यायचे ठरवून तो उदास मनाने आपल्या वृद्ध गुरूंपुढे जाऊन बसला.

गुरूंनी सांत्वन केले नाही. म्हणाले, "आई सध्या जी गोळी घेते, ती घाल तुझ्या गणितात."

"ती तर कित्येक वर्षं चालू आहे, सर. तिच्याचमुळे आईला हातात कप धरता येतो."

"घाल तरी."

त्याने घातली. उत्तर आले: पोचणार नाही. शिष्य पडद्याकडे बघतच राहिला.

"गणिताला शिकवताना हिला का नाही दाखवलंस?"

"अपवाद म्हणून गाळली, सर. अशी आणखीही होती. ती ठेवली की अचूकतेचे टक्के घसरत होते." शाळा सुटते, टक्क्यांचा मोह काही सुटत नाही.

गुरू म्हणाले, "काही औषधं त्या भिंतीतून आपली आपण झिरपतात. काहींना भिंतीतलेच वाहक हात धरून आत नेतात, अन्नाचे कण नेतात तसे. तू फक्त पहिली शिकवलीस. मग जे झिरपत नाही ते पोचतच नाही, असं गणिताने ठरवून टाकलं. त्याचा काय दोष? पण तूही आईच्या बाबतीत तेच केलंस. चेहऱ्यावर उमटेल तेवढंच आत पोचतं, असं तुला कोणी सांगितलं?"

शिष्याने विचारले, "सर, ते द्रव्य तरी पोचेल का?"

"मला माहीत नाही. तपासून बघ. तुझ्या गणितालाही तेवढंच म्हणू दे."

त्याने गाळलेली सारी औषधे परत घातली. टक्के पडले, आणि त्या द्रव्याविषयी गणित प्रथमच म्हणाले, सांगता येत नाही. द्रव्य तपासणीला पाठवून तो त्याच दिवशी गावी निघाला, रिकाम्या हातांनी.

आई खाटेवर बसली होती. चेहरा जसाच्या तसा. तो दारातच उभा राहिला. मग ती थरथरत्या हाताने खाटेची कड धरून, हळूहळू, एका बाजूला सरकली आणि शेजारी त्याच्यापुरती जागा झाली.