तिमव्वाची थाप

हिवरदऱ्याच्या डोंगरावर दाट रान होतं आणि बाजाराला निघालेला माणूस वाटेत मुक्काम केल्याशिवाय पोचत नव्हता, त्या काळची ही गोष्ट. फार फार वर्षं झाली तिला. तेव्हा या मुलखात तिमव्वा नावाची एक वडारीण होती. घण उचलावा तर तिनंच. पण तिचं नाव झालं ते घणामुळे नव्हे, कानामुळे. ती भिंतीवर तळहाताची थाप मारायची, मग गाल टेकवून ऐकायची आणि सांगायची, ही भरीव आहे, हिच्या पायात पाणी मुरतंय, ही आणखी दोन पिढ्या हलत नाही. दगड तिच्याजवळ मन मोकळं करत, असं म्हणतात.

नवरा गेल्यावर पालावरच्या सगळ्या माणसांची कामं तीच धरत असे. तिचा शब्द मोडला की काम मोडलं, हे तिच्या माणसांना ठाऊक होतं आणि गावोगावच्या धन्यांनाही.

हिवरदऱ्यात शिदोजी खराड्यांचं दगडी घर होतं. ते त्यांच्या आजोबांनी, येसाजींनी बांधलेलं. येसाजींचं नाव गाव देवापाठोपाठ घेई. मोठ्या दुष्काळात त्यांनी आपलं कोठार उघडलं, शेवटचा दाणा वाटला आणि स्वतः अन्नावाचून गेले, असं म्हणत. शिदोजींच्या लेकीचं, गोदूचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी ते घर नवं करायला काढलं. भिंतींना गिलावा करायचा, सोप्यावर माडी चढवायची आणि वऱ्हाड त्या सोप्यात बसवायचं. बोलावणं अर्थातच तिमव्वाला गेलं.

तिमव्वा आली आणि भिंतीमागून भिंत थापटत चालली. पूर्वेची भिंत चांगली निघाली. उत्तरेची चांगली निघाली. सोप्याच्या पश्चिमेच्या भिंतीशी मात्र ती थांबली, ती बराच वेळ हललीच नाही. तिथे कोनाड्याच्या वर केसाएवढी भेग होती. ती भेग कितीदा तरी लिंपलेली दिसत होती. तिमव्वानं भेगेवर चुन्याची एक पट्टी आडवी ओढली. पट्टी वाळली आणि दुसऱ्या दिवशी मधोमध तुटली. मग ती शिडी लावून भिंतीच्या माथ्यावर चढली आणि तिथल्या फटीत घागरभर पाणी ओतलं. पाणी खाली कुठेच आलं नाही. भिंत सगळी घागर पिऊन गेली.

खाली उतरून तिनं शिदोजींना सांगितलं, की बाहेरचा दगड आणि आतला दगड यांच्यामध्ये भक्कम असं काहीच उरलेलं नाही. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारे लांब दगड कुणीतरी काढले आहेत. ही भिंत उघडावी लागेल.

शिदोजींना ते लागलं. आजोबांच्या हातची भिंत, ती पोकळ कशी असेल? त्यांनी सांगितलं, की तिनं मुकाट्यानं गिलावा करावा, लग्नाला दिवस थोडे आहेत.

तिमव्वा म्हणाली, "धनी, गिलावा केला तर भिंत चांगली दिसंल. पर माडीचा भार वर आला आन् वऱ्हाड खाली बसलं, की ती खाली बसंल. माझ्या हातानं मी तिचं तोंड झाकणार न्हाई."

शिदोजींनी दुसरे गवंडी आणले. तिमव्वाच्या माणसांनी पालं सोडायची तयारी केली, कारण आता इथे काम नव्हतं. ती म्हणाली, तुम्ही पुढं व्हा. आणि ती शिदोजींच्या अंगणात, भिंत दिसेल अशी, बसून राहिली. गवंड्यांनी हिणवलं, ती बसून राहिली. शिदोजींच्या घरातून भाकरी आली, ती तिनं खाल्ली आणि बसून राहिली.

हळद दळायच्या दिवशी सोपा बायकांनी भरला होता. जात्यावर ओव्या चालल्या होत्या आणि वर गवंडी माडीची तुळई चढवत होते. तुळई भिंतीवर टेकली. कुणाला काही ऐकू आलं नाही. तिमव्वाला आलं. ती उठली, सोप्यात शिरली आणि भिंतीला पाठ लावून, दोन्ही तळवे मागे टेकवून उभी राहिली.

"बायांनो," ती हळूच म्हणाली, "जातं ऱ्हाऊ द्या. पळू नका. एकेक बाहेर जा."

तिचा आवाज असा होता, की कुणी का म्हणून विचारलं नाही. बायका उठल्या, लेकरं कडेवर घेतली आणि बाहेर पडल्या. वरचे गवंडी शिडीवरून उतरले. तोवर भिंतीला पोट आलं होतं, दगडादगडातून माती गळत होती, आणि ते सगळं ओझं त्या एका बाईनं पाठीवर तोलून धरलं होतं, असं म्हणतात. सगळ्यांत शेवटी गोदू निघाली. ती उंबरा ओलांडून गेली तेव्हा तिमव्वानं मागं वळून भिंतीवर हात फिरवला.

"बस आता," ती म्हणाली. "लई दमलीस."

तिनं दोन पावलं टाकली आणि भिंत बसली.

धूळ खाली आली तेव्हा लोकांना दिसलं, भिंतीच्या पोटातून काळा भुगा वाहत होता, नदीसारखा, अंगणापर्यंत. तो कुजून काळा पडलेला जोंधळा होता. दुष्काळात येसाजींनी कोठार वाटलं होतं हे खरं, पण त्याआधी भिंतीतले दगड काढून आत धान्य साठवायचं एक बळद केलं होतं, ते भरलं होतं आणि वरून लिंपून टाकलं होतं.

अंगणात गाव उभं होतं. शिदोजी भुग्यात गुडघ्यावर बसले. कोंडाबाई कुंभारीण पुढे आली. तिच्या बापाचे दोघे भाऊ त्या दुष्काळात गेले होते. तिनं मूठभर भुगा उचलला आणि बोटांतून सोडला.

"मंजी येसाजी उपाशी मेला हे खरंच होतं," ती म्हणाली. "गावाच्या देखत भिंत फोडायची लाज वाटली. दाणा उशाला असून मेला."

शिदोजींनी मान वर केली. ते म्हणाले, "तिमव्वा, सगळी भिंत उघड. जे असंल ते गावाला दिसू दे. मग पुन्हा बांध."

तिमव्वानं पालं परत बोलावली. भिंत पायापासून उघडली. आरपार जाणारे लांब दगड हवे होते, आणि शिदोजींनी ते मागायच्या आत कोंडाबाईनं आपल्या दारातली पायरीची शिळा गाडीत घालून पाठवली. मग घराघरातून दगड आले. गोदूचं लग्न उघड्या खळ्यावर लागलं आणि ते कुणालाच कमी वाटलं नाही. ती भिंत आजही उभी आहे. तिला सुई शिरेल एवढीही भेग नाही.

तिमव्वा पुढं खूप म्हातारी झाली. एके दिवशी ती डोंगराच्या कड्याला कान लावून बसली. लोक बोलवायला गेले तर तिनं हातानं थांबा अशी खूण केली. डोंगर तिला काहीतरी सांगत होता आणि ते लांबलचक होतं. ती अजून ऐकतेच आहे, असं म्हणतात.

हिवरदऱ्यात आजही जुन्या घराचं काम निघालं, की आधी घरातली सगळी माणसं अंगणात येतात. घरातली सर्वांत म्हातारी बाई भिंतीवर थाप मारते आणि मोठ्यानं विचारते, "तिमव्वा, आत काय हाय?" मग ज्याला जे ठाऊक असेल त्यानं ते सांगायचं असतं, कुठं पाणी मुरतं, कुठला खांब काढला, काय झाकलं आणि का झाकलं. गवंडी बाजूला बसून ऐकतात. शेजारी ऐकतात. सांगून झालं, की शेजारच्या घरून एक लांब दगड येतो, आणि मगच चुना कालवतात.