शिंगाची हाक, नगाऱ्याची ओ

एका बेटावर एक राजा होता, आणि बेटापुढे भर समुद्रात एका खडकावर एक पहारेकरी होता. राजाच्या भोवती माणसे होती. पहारेकऱ्याच्या भोवती पाणी होते.

खडकावर एक दगडी खोली, पावसाच्या पाण्याचे टाके आणि एक मोठे शिंग, एवढेच. होडी नव्हती. पहारेकऱ्याजवळ होडी ठेवायची नाही, असा जुना नियम होता. होडी असली की मन किनाऱ्याकडे ओढते.

सूर्य बुडताना पहारेकरी शिंग फुंकायचा. एकदा फुंकले म्हणजे सगळे ठीक. तीनदा फुंकले म्हणजे शत्रू. आणि शिंग वाजलेच नाही, तर पहारेकऱ्याचे काही बरेवाईट झाले असे समजून किनाऱ्यावरून होड्या निघायच्या.

शिंगाला किनाऱ्यावरून ओ यायची. बुरुजावर तांब्याचा मोठा नगारा होता. त्यावर एक ठोका पडायचा. ठोक्याची पाळी घराघराने असे. आज कोळ्याचे घर, उद्या सुताराचे, परवा कुंभाराचे. राजवाडाही पाळीतून सुटला नव्हता. ज्या घराची पाळी, त्या घरचे माणूस संध्याकाळी बुरुजावर जाऊन कान देऊन बसे. ओ आल्याशिवाय पहारेकरी जेवत नसे.

वर्षे गेली तसे त्याला हात ओळखू येऊ लागले. सुताराचा ठोका सरळ, खिळा ठोकावा तसा. कोळ्याचा हात जड. कुंभाराच्या घरून म्हातारी यायची. ती एक मोठा ठोका द्यायची आणि त्यामागून एक धाकटा. मडके पक्के भाजले आहे का, ते पाहायला वाजवतात तसा. तो ऐकला की पहारेकरी म्हणायचा, "आलीस का, बाई?" आणि भाकरी मोडायचा. तिच्याशी तो आयुष्यात चार शब्दही बोललेला नव्हता. त्याचे स्वतःचे कोणी उरले नव्हते. पण रोज संध्याकाळी त्याला गाव भेटून जात असे.

एका वर्षी समुद्रापलीकडचे लुटारू आले. शिंग तीनदा वाजले. नगारा वाजला. लोक भाले घेऊन धावले. पण लुटारूंजवळ तोफ होती. भाल्याने तोफेचे काय करायचे? माणसे पडली. धान्याची कोठारे गेली.

राजा शहाणा होता. तो म्हणाला, "भाल्यांना हळदकुंकू लावून देश राखता येत नाही. नवी हत्यारे आणा."

तो म्हणाला ते खरे होते. यात राजाची काही चूक नाही.

परमुलखात युद्ध शिकून आलेला एक तरुण सेनापती नेमला. माणूस कामाचा होता. त्याने वाफेवर चालणारे जहाज आणले. तोफा आणल्या. बुरुजावर दुर्बीण बसवली. शिपायांना एका रांगेत चालायला शिकवले. दिवसा ऊन फार, म्हणून तोफांचा सराव सूर्य बुडताना ठेवला.

एक तोफ बेटावरच ओतायची ठरली. तांबे कमी पडले. सेनापतीची नजर नगाऱ्यावर गेली.

राजाने विचारले, "मग खडकावरच्या माणसाला ओ कोण देणार?"

"ओ कशाला, महाराज? सांगणं त्याचं काम, ऐकणं आपलं. ऐकायला आता बुरुजावर शिपाई आहे, पाहायला दुर्बीण आहे. घरोघरच्या बाया-माणसांनी देश राखायचे दिवस गेले."

राजाने नगाऱ्याकडे एकदा पाहिले. मग "बरं" म्हणाला.

नगारा वितळला. घरांची पाळी संपली. लोकांनाही ते बरेच वाटले. संध्याकाळी काम टाकून बुरूज चढायची कोणाला हौस असते?

शिधा घेऊन नावाडी खडकावर गेला, तेव्हा त्याने पहारेकऱ्याला नवा कोट दिला. पितळी गुंड्यांचा.

"काका, आता तुम्ही पक्के सरकारी झालात," नावाडी हसत म्हणाला. "एवढ्या गुंड्या नवरदेवालाही मिळत नाहीत."

पहारेकऱ्याने कोट घातला. पाण्यात वाकून पाहिला. त्याला आवडला. त्या संध्याकाळी त्याने शिंग छाती भरून फुंकले आणि कान दिला.

ओ आली नाही.

तोफांचे आवाज आले. मग तेही थांबले. त्याने पुन्हा वाट पाहिली. अंधार झाला, भाकरी वाळली. शेवटी तो तसाच निजला.

पुढच्या खेपेला त्याने नावाड्याला विचारले, "नगाऱ्याला काय झालं?"

"त्याची तोफ झाली, काका."

"मग माझं शिंग ऐकू येतं का कोणाला?"

"सरावाच्या वेळी? अहो, बायको शेजारी बसून ओरडली तरी ऐकू येत नाही. तेवढंच सुख." नावाडी हसला. पहारेकरी हसला नाही.

"कुंभाराची म्हातारी काही म्हणाली का?"

नावाड्याने मान खाली घातली. "निरोप न्यायचे-आणायचे नाहीत, काका. नवा हुकूम आहे. सरकारी होडीतून फक्त शिधा."

आणि तो होडी ढकलून निघून गेला.

पहारेकरी रोज शिंग फुंकत राहिला. पण बिनउत्तराची हाक दिवसागणिक जड होते. एका संध्याकाळी त्याने शिंग हातात घेतले आणि खाली ठेवले. मनाशी म्हणाला, "आज फुंकत नाही. बघू, कोण येतं."

तो किनाऱ्याकडे तोंड करून बसला. नियमाप्रमाणे होड्या निघायला हव्या होत्या. एकही निघाली नाही. दुसऱ्या दिवशीही तो तसाच बसला. तिसऱ्या दिवशीही. नावाडी शिधा घेऊन आला, पोते उतरवले, म्हणाला, "सगळं ठीक ना?"

"ठीक," पहारेकरी म्हणाला.

त्याने सांगायला हवे होते. शिंग बंद आहे, बुरुजावर जाऊन सांग, एवढे म्हटले असते तरी पुरे होते. पण त्याला अभिमान आडवा आला. मी मेलो की जिवंत आहे, हे मीच सांगत फिरू? असे त्याला वाटले. वाटणे साहजिक होते. तरी ते चूक होते.

त्यानंतर त्याचा दिवस असाच जाऊ लागला. तोंड गावाकडे, पाठ समुद्राकडे. येईल का कोणी, एवढेच तो पाहत असे. पहारा समुद्राचा होता, हे तो विसरला.

आणि लुटारू समुद्राकडूनच आले.

सूर्य टेकला होता. त्यांच्या होड्या खडकाला वळसा घालून पुढे गेल्या, तेव्हा कुठे त्या त्याला दिसल्या. तो ताडकन उठला. शिंग फुंकले. तीनदा. पुन्हा तीनदा. ओठ फुटेपर्यंत फुंकले.

किनाऱ्यावर सराव चालू होता. दोन तोफांच्या मधल्या शांततेत बुरुजावरच्या शिपायाला शिंग ऐकू आले. तो सोबत्याला म्हणाला, "बऱ्याच दिवसांनी वाजलं रे. म्हातारा आज खुशीत दिसतोय."

"गाऊ दे की," सोबती म्हणाला. दुर्बिणीला कोणी डोळाही लावला नाही.

तीनदा म्हणजे काय, ते त्यांना कोणी शिकवले नव्हते. ज्यांना माहीत होते ती घरे आता ऐकत नव्हती.

लुटारू खाडीच्या बाजूने उतरले. सरावाच्या तोफांत नुसती दारू होती, गोळे कोठारात होते. जहाजाची भट्टी थंड होती. ती पेटून जहाज हलेपर्यंत खाडीकाठची आळी जळत होती. जहाज हलले मात्र, आणि तोफांनी लुटारूंच्या होड्या फोडल्या. उरलेले पळाले. हत्यारे चांगलीच होती. फक्त थोडा वेळ हवा होता, आणि तो वेळ शिंगाने दिला असता.

खडकावरून पहारेकऱ्याने सगळे पाहिले. आग पाण्यात दिसत होती. त्याच्याजवळ होडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याला राजापुढे उभे केले. सेनापतीने रागाने विचारले,

"शिंग वेळेवर का नाही फुंकलंस?"

"साहेब, मी शिंग फुंकणं कधीच बंद केलं होतं," पहारेकरी म्हणाला. "तुम्हाला आज कळलं."

सेनापतीने मान खाली घातली.

तेवढ्यात जळलेल्या आळीतला कुंभार पुढे आला. त्याचे हात भाजले होते.

"आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला. "माझी आई रोज संध्याकाळी दारात बसून कान द्यायची. नगारा गेला तर तिनं मडकं घेतलं. दोन तोफांच्या मधे शिंग ऐकू आलं की मडक्यावर ठोका द्यायची. एक मोठा, एक धाकटा. मी म्हणायचो, आई, खडकावर काय पोचणार हे? ती म्हणायची, पोचेना का, ओ दिली पाहिजे."

पहारेकऱ्याने वर पाहिले.

"ज्या संध्याकाळी शिंग वाजलं नाही, त्याच संध्याकाळी ती बुरूज चढून गेली. म्हणाली, होड्या काढा, खडक गप्प आहे. शिपायानं दुर्बिणीतून पाहिलं. म्हणाला, आजी, तो बघ धडधाकट बसलाय, तोंड इकडेच आहे. रोज गेली ती. रोज तेच उत्तर."

"कुठे आहे ती?" पहारेकऱ्याने विचारले.

कुंभाराने नुसते खाडीकडे पाहिले. तिथे अजून धूर निघत होता.

पहारेकऱ्याने अंगातला कोट काढला आणि राजापुढे ठेवला. "महाराज, ओ आली नाही म्हणून मी हाक मोडली. आणि ओ तर रोज येत होती. मला शिक्षा द्या."

राजाने तो कोट उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "दुर्बिणीतून पहारेकऱ्याचं तोंड दिसत होतं. समुद्रावरच्या पहारेकऱ्याचं तोंड आपल्याला दिसतं कसं, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. आणि नगारा वितळवायला 'बरं' मीच म्हणालो होतो. तुला एकट्याला शिक्षा कोणत्या तोंडानं देऊ?"

"मग खडकावर परत पाठवा. मरेपर्यंत."

"तिथे एकटा राहशील?"

"पहारा एकट्याचाच असतो, महाराज."

राजाने बेटावर ओतलेली ती तोफ वितळवून पुन्हा नगारा केला. बाकीच्या तोफा ठेवल्या. जहाज ठेवले. दुर्बीणही ठेवली. सरावाची वेळ सकाळची झाली. घरांची पाळी पुन्हा सुरू झाली, आणि पहिली पाळी राजाने स्वतः केली. सेनापतीने दुसरी मागून घेतली. त्याला नीट ठोका देता येईना. सुताराची सून म्हणाली, "साहेब, टिपरी तलवारीसारखी धरू नका." तो शिकला.

खडकावर पहारेकरी आता समुद्राकडे तोंड करून उभा असतो. सूर्य बुडताना शिंग फुंकतो. ओ येते. मग तो जेवतो.

पण कुंभाराच्या घराची पाळी येते, त्या दिवशी बुरुजावर नगारा वाजत नाही. कुंभार आपल्या जळक्या दारात बसतो आणि आईसाठी मडक्यावर ठोका देतो. एक मोठा, एक धाकटा. तो आवाज खाडीही ओलांडत नाही.

खडकावर काहीच ऐकू येत नाही. वारा असतो, लाटा असतात. पहारेकरी तेवढा वेळ कान देऊन उभा राहतो. मग म्हणतो, "आलीस का, बाई?" आणि भाकरी मोडतो.

तात्पर्य: तोफ बाहेरून आणता येते, कान घरचाच लागतो. ज्याला पहाऱ्यावर उभे केले त्याच्या हाकेला ओ द्यावी. आणि ओ ऐकू आली नाही म्हणून पहारेकऱ्याने हाक मोडू नये.